आधी मोजा, मग दिवा पेटवा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली 'घरगुती सुपरकॅपॅसिटर' हमखास असतो. कोळशाची पूड, मिठाचं पाणी, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, मध्ये टिश्यू पेपर, वर पेटलेला लाल एलईडी आणि मागे थर्माकोलवर मोठ्या अक्षरांत 'बॅटरीला पर्याय'. मुलांनी हा प्रकल्प जरूर करावा. पण तो ज्या तऱ्हेनं तपासला जातो ती तऱ्हा बदलायला हवी. दिवा पेटला की गुण, नाही पेटला की पुढचं टेबल, हे थांबायला हवं.

माझं कुडाळात पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. वायंडिंग मी वडिलांकडून शिकले. प्रदर्शनाचे दिवस आले की गणवेशातली पोरं दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहतात. "काकी, ह्यो दिवो पेटणा नाय, बघ गे जरा." मी बघते. आणि बहुतेक वेळा त्या डब्यात जे असतं तो सुपरकॅपॅसिटर नसतोच.

आधी यातलं खरं काय ते सांगते, कारण ते फार सुंदर आहे. छताच्या पंख्याचा कंडेन्सर, म्हणजे कॅपॅसिटरच, साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो. कोळशाच्या नीट बनवलेल्या डब्यात काही फॅरडची क्षमता मिळू शकते. दहा फॅरड धरले तर पंख्याच्या कंडेन्सरच्या चाळीस लाख पट! हे जमतं ते कोळशाच्या छिद्रांमुळे. पाण्याच्या फिल्टरमध्ये किंवा माशांच्या टाकीत असतो त्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला १००० चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त पृष्ठभाग असतो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे एका ग्रॅममध्ये अशी साडेसातहून जास्त मैदानं. या पृष्ठभागावर विद्युतभार आला की पाण्यातले विरुद्ध भाराचे आयन त्याला येऊन चिकटतात. दोघांमधलं अंतर नॅनोमीटरभरही नसतं. या दुहेरी थराची कल्पना हेल्महोल्ट्झनं १८५३ मध्ये मांडली. सच्छिद्र कार्बन वापरून कॅपॅसिटर करण्याचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकरला मिळालं ते १९५७ मध्ये. पुढे १९७८ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीनं तो बाजारात आणला, वीज गेली तरी यंत्राची स्मृती टिकावी म्हणून. आयन चिकटतात आणि सुटतात, रासायनिक बदल जवळपास होतच नाही. म्हणून चांगला सुपरकॅपॅसिटर लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो.

आता मर्यादा. पाण्याचं विघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टला सुरू होतं, त्यामुळे पाण्यावरचा डबा एक व्होल्टच्या आसपासच थांबवावा लागतो. ऊर्जा व्होल्टच्या वर्गाप्रमाणे वाढते. दहा फॅरड एक व्होल्टला भरले तर हाती येतात पाच ज्यूल. पंख्याचा तो चिमुकला कंडेन्सर ४४० व्होल्टला धरला तर पाव ज्यूलच्या आसपास. म्हणजे चाळीस लाख पटीचे ऊर्जेत वीसच पट उरले. आणि ५००० एमएएचच्या मोबाइल बॅटरीत सुमारे ६९ हजार ज्यूल असतात. 'बॅटरीला पर्याय' असं थर्माकोलवर लिहिण्याआधी मुलांनी हा गुणाकार स्वतः करावा असं मला मनापासून वाटतं. तो त्यांना अवघड नाही. कुणी करायला सांगत नाही, इतकंच.

फॉइलचा घोटाळा याहून मोठा आहे. एका बाजूला नुसती फॉइल, दुसऱ्या बाजूला कोळसा आणि मध्ये खारं पाणी अशी मांडणी केली की कोळशावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. मल्टिमीटर पाऊण व्होल्टच्या आसपास दाखवतो, तेही आपण काहीच भरलेलं नसताना. असे तीन-चार डबे एकापुढे एक जोडले की एलईडी पेटतो, टाळ्या पडतात. पण ही अ‍ॅल्युमिनियम-हवा बॅटरी झाली! वीज साठवलेली नाही, फॉइल खर्ची पडते आहे. चार दिवसांनी उघडून पाहा, फॉइलला भोकं पडलेली असतात. बॅटरी म्हणून हा प्रयोग छानच आहे, फक्त त्यावर खरं नाव लिहावं.

ओळखायचं कसं? दोन्ही बाजू अगदी सारख्या करा आणि भरण्याआधी व्होल्ट बघा. शून्याजवळ असले पाहिजेत. मग भरा, रिकामा करा, दोन्ही टोकं रात्रभर जोडून ठेवा आणि सकाळी सोडा. कॅपॅसिटर थोडासा वर सरकेल. बॅटरी पुन्हा आपल्या जुन्या आकड्यावर जाऊन बसेल. नंतर डबा एक व्होल्टला भरून १०० ओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा करा आणि ०.३७ व्होल्टवर यायला किती सेकंद लागले ते मोजा. त्याला १०० नं भागलं की अंदाजे फॅरड मिळतात. दहा फॅरडला १००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत. तेवढा वेळ मुलांनी आलेखाचा कागद घेऊन बसावं. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. काही प्रदर्शनांत थर्माकोल आणि रंगांवर याहून जास्त खर्च झालेला मी पाहिला आहे.

साहित्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मिठाच्या पाण्यात व्होल्ट वाढले तर क्लोरीन सुटू शकतो आणि स्टीलही गंजतं. त्याऐवजी कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट घ्यावं. तारा जोडायला फॉइलऐवजी जुन्या साध्या झिंक-कार्बन सेलमधली काळी कांडी वापरावी. ती मोठ्या माणसानं काढून द्यावी, लिथियम किंवा अल्कलाइन सेल कुणीही फोडू नये. आणि घरच्या प्लगला यातलं काहीही कधीच जोडायचं नाही.

आमच्या कोकणातल्या मुलांसाठी तर यात एक सोन्यासारखा प्रश्न पडलेला आहे. कारखान्यात बनणाऱ्या सुपरकॅपॅसिटरमध्ये मोठ्या प्रमाणावर नारळाच्या करवंटीचाच सक्रिय कोळसा वापरतात. केरळात कण्णूरला केल्ट्रॉन कंपनीनं इस्रोच्या तंत्रज्ञानावर सुपरकॅपॅसिटरचं उत्पादन सुरू केलं आहे. आमच्याकडे मात्र करवंटी न्हाणीघराच्या चुलीत जाते. त्या चुलीतला कोळसा आणि माशांच्या टाकीतला कोळसा सारख्याच वजनाचे घेऊन दोन डबे केले तर कुणाचे फॅरड जास्त भरतात? टाकीतल्या कोळशाचे भरतील, कारण तो आठ-नऊशे अंश तापमानात वाफेनं किंवा रसायनांनी मुद्दाम सच्छिद्र केलेला असतो. पण किती पट जास्त, हे त्या मुलाला स्वतःच्या वहीत सापडेल. चुलीच्या कोळशावर दिवा पेटला नाही तरी तो प्रकल्प माझ्या दृष्टीनं पहिल्या नंबराचा आहे.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत मोजमापाच्या वहीला निम्मे गुण ठेवा. प्रत्येक दालनात एक मल्टिमीटर ठेवा आणि परीक्षकांनी तो स्वतः लावून बघावा. 'काय चाललं नाही आणि का?' हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला जावा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथून हलू नये. दोन मिनिटांत एक टेबल उरकायचं असेल तर टेबलं कमी करा. मुलांना घरीच बनवता येईल अशा प्रकल्पाला बाजारातून आणलेल्या तयार मॉडेलच्या रांगेत बसवू नका, त्याची यादी वेगळी करा. हे बदल येत्या प्रदर्शनाच्या परिपत्रकातच करता येतील.