दगडाखालचा खर्च

बंगळुरूच्या लालबागेतल्या जानेवारीच्या पुष्पप्रदर्शनाला जायचा परिपाठ आपल्या धंद्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. काचघरातली आरास बघायची, रोपांच्या स्टॉलवर दोन नवी नावं टिपायची, मावळ्ळीत डोसा खायचा आणि रात्रीची गाडी पकडायची. यंदा गर्दीमुळे काचघरापर्यंत पोचणंच होईना. तेव्हा फुलांचा नाद सोडला आणि मान खाली घालून नुसत्या वाटा बघत हिंडलो. शेवटी खडकावर जाऊन बसलो. तिथे जे मनात आलं ते या अंकात लिहितो आहे. निमित्तही आहे. कार्यालयात येणाऱ्या फोनांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा असतो: 'बाग झाली, लॉन झालं, कारंजंसुद्धा बसलं. वाटेला पैसे उरले नाहीत. स्वस्तात काय घालू?'

घोळ या प्रश्नातच आहे. वाट शेवटी आली की ती उरल्यासुरल्या पैशांत होते आणि पहिल्या पावसाळ्यात डुगडुगायला लागते. गिऱ्हाईक म्हणतं, स्वस्तातलं असंच असायचं. मुळात वाट स्वस्तात होतेच, आणि देखणीही होते. फक्त ती आधी आखावी लागते, आणि पैसा कुठे ओतायचा हे ठाऊक असावं लागतं.

मी बसलो होतो तो लालबागेचा खडक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेला आहे. जात 'नाइस' नावाच्या खडकाची, वय ३०० कोटी वर्षांच्या घरात. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण त्यापुढे कालचं पोर, साडेसहा कोटींचा. आपल्याला मात्र त्याच्या वयाशी कर्तव्य नाही, तो फुटतो कसा याच्याशी आहे. बंगळुरूच्या आसपासचा हा करडा खडक पोळीच्या पापुद्र्यासारखा थराथराने सुटतो. पूर्वी पाथरवट उघड्या कातळावर लाकडांची अरुंद, लांबट आग पेटवत. तापलेला थर खालच्या खडकापासून सुटला की नाही हे हातोडीच्या आवाजावरून ओळखत आणि सुटला की जळती लाकडं पुढे सरकवत. मग त्या सुट्या थरावर छिन्नीने रेघ मारून हव्या त्या मापाच्या फरशा काढायच्या. 'नेचर' या नियतकालिकात १८९५ साली या पद्धतीवर टिपण आलं होतं, इतकी ती बाहेरच्यांना नवलाची वाटली.

या फरशीला कन्नडात चप्पडी कल्लू म्हणतात. जुन्या बंगळुरूत ती सगळीकडे आहे. गटारावर झाकण तीच, स्वयंपाकघरात ओटा तीच, माळा तीच, आणि कुंपणाला भिंत बांधायच्या ऐवजी उभी पुरलेलीही तीच. द्राक्षमळ्यांच्या मांडवाला खांब दगडाचे. खडक जवळ आणि सहज फाटणारा, म्हणून ही चैन सामान्यांना परवडली.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, असा फाटत नाही. त्याचं जोतं करा, पायरी करा, तटबंदी करा. पातळ, रुंद फरशी मागाल तर तो देणार नाही. म्हणून पुण्या-मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या फरशी म्हटलं की कलबुर्गीकडची शहाबादी, नाहीतर कडप्पा. दोन्ही गाडीभाडं भरून येतात. कोकणात, गोव्यात जांभा चिऱ्याने निघतो, तिथे वाटही चिऱ्याचीच शोभते. कोल्हापुरात बसून कुणी बंगळुरूचा करडा ग्रॅनाइट मागवला तर तो सुंदर दिसेलही, पण मग 'स्वस्तात' हा शब्द त्याने उच्चारू नये.

लालबागेतून उचलू नये अशीही एक गोष्ट आहे: रुंदी. बाग २४० एकरांची. जिथे प्रदर्शनाच्या दिवसांत लाखांनी माणसं फिरतात तिथे वाट रस्त्याएवढीच हवी. गुस्ताव क्रुंबिगेल हा जर्मन माणूस १८९३ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्याला आला, १९०८ मध्ये तिथून म्हैसूर संस्थानात गेला आणि १९३२ पर्यंत लालबागेसह बंगळुरूच्या बागांवर त्याचा हात फिरला. तो संस्थानिकांच्या बागा आखत होता. आपण त्याच थाटाची वाट चार गुंठ्यांत काढायला जातो, आणि मग बागेला वाट राहत नाही, वाटेला बाग राहते. घरच्या बागेत एक माणूस हातात बादली घेऊन गेला म्हणजे झालं. तीन फूट पुष्कळ. घराच्या कडेच्या बोळात दोन फुटी दगडही पुरतो.

आता एका घराची हकीकत. बंगळुरूच्या जयनगरमधलं जुनं, बैठं घर. माणसं कऱ्हाडकडची, दोन पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. साईट चाळीस बाय साठ. तिकडे प्लॉटला साईट म्हणतात, आणि 'फॉर्टी सिक्स्टी' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. फाटकापासून मागच्या पडवीपर्यंत तीस फुटांची वाट हवी होती. त्यांच्याकडे आधी आलेल्या ठेकेदाराने सगळ्या मोकळ्या जागेवर इंटरलॉकिंग पेव्हर घालायचा हिशेब दिला होता. त्याला दोष देत नाही. आपलीही बिलं चौरस फुटावर असतात. जितकी जमीन झाकू तितकं बिल वाढतं. या एका सवयीने आपण किती अंगणं बुजवली असतील!

मेस्त्रीने, म्हणजे तिकडच्या गवंड्याने, पहिले आठ दिवस काहीच केलं नाही. जमीन भिजवून, दाताळं फिरवून सपाट केली आणि म्हणाला, चाला. आठ दिवसांत तांबड्या मातीत आपोआप एक रेघ उमटली. कागदावर मी काढलेलं सुबक वळण राहिलं बाजूला. घरची माणसं नळाकडे वळून, तगरीच्या बुंध्याला वळसा घालून पडवीशी जात होती. त्या रेघेवरच फक्की मारली. वळणाला कारण असलं की ते देखणं दिसतं. नुसतं नागमोडी काढलेलं वळण लोक दुसऱ्या दिवशी तोडून सरळ जातात आणि गवतात टक्कल पडतं.

मग दगड. शेजारचं घर पाडायला काढलं होतं. तिथल्या कुंपणाच्या आणि ओट्याच्या चप्पड्या मालकाशी बोलून, रीतसर पावती करून घेतल्या. पावतीचं मुद्दाम लिहितो आहे. रस्त्याकडेच्या गटारावरची फरशीही बाजारात 'जुना माल' म्हणूनच येते, आणि ती आपली नसते. दीड बाय दोन फुटांचे, तीन इंच जाडीचे १६ तुकडे घडवून घेतले. एकेकाचं वजन ५५ किलोच्या आसपास. दोन माणसांनी उचलायचं काम.

सोळाच का, तर हिशेब असा. दगडाची दीड फुटाची बाजू चालायच्या दिशेने, दोन दगडांमध्ये चार इंचांची फट. म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत २२ इंच. पुस्तकात २४ इंच लिहिलेले असतात, पण ती पावलं पँट घालणाऱ्या लांब टांगेच्या माणसाची. नऊवारीतली असो की पाचवारीतली, सत्तरीची बाई २४ इंचांवर दगड चुकते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चालायला लावा आणि ते पाऊल मोजा. सोळा दगड नि पंधरा फटी मिळून २९ फूट झाले, दोन्ही टोकांना सहा-सहा इंच सुटले. तीन फुटी वाट सलग फरसबंद केली असती तर ९० चौरस फूट दगड लागला असता. इथे ४८ मध्ये भागलं. फटींमध्ये मॉन्डो गवत आणि ब्राह्मीचे तुकडे लावले. ब्राह्मीला पाणी लागतं, ती नळाच्या बाजूला. मॉन्डो तगरीच्या सावलीत. उन्हाच्या पट्ट्यात काही विकत आणू नका, हरळी आपण होऊन येते.

वाचलेले पैसे गेले कुठे? दगडाखाली. सहा इंच खोल, अडीच फूट रुंद चर खणला. तळ धुमसाने इतका बडवला की टाच मारली तर ठसा उठेना. त्यावर अडीच इंच खडी, म्हणजे त्यांची जल्ली. ती पुन्हा बडवली. वर इंचभर क्रशरची कच. मग तीन इंची दगड. बेरीज साडेसहा होते, चर सहाचाच. तो अर्धा इंच मुद्दाम वर ठेवला आहे. बंगळुरूचा पाऊस संध्याकाळी अंगावर धावून आल्यासारखा येतो, तासाभरात तांबडा चिखल वाहायला लागतो. दगड जमिनीशी सपाट असला की त्यावर गाळाची साय धरते आणि सकाळी माणूस घसरतो. लॉनमधून जाणारी वाट मात्र सपाटच हवी, नाहीतर गवत कापायचं यंत्र अडकतं. प्रत्येक दगडाला दोन फुटांत अर्धा इंच उतार, घराच्या उलट बाजूला. पाणसळ लावूनच.

आता माल बघा. तीस फुटांच्या चराला खडी लागली ब्रासच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी, कच सात घनफुटांच्या आत. पोत्यांनी मोजावा इतका माल. खर्च आहे तो कंबरेचा: दोन गडी, तीन दिवस, आणि तिन्ही दिवस मेस्त्री जागेवर. हेच आपण बिलात दाखवत नाही, म्हणून गिऱ्हाईक ते कापतं. माझी सूचना आहे की वाटेचं बिल धावत्या फुटावर करावं आणि त्यात भरावाची ओळ वेगळी लिहावी. दगड कितीही स्वस्त निवडा, त्या ओळीला हात लावू द्यायचा नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी कोथरूडला एका बंगल्यात मी शहाबादी फरशी थेट काळ्या मातीवर, नुसत्या वाळूच्या थरावर बसवून दिली होती. एप्रिलमध्ये आरशासारखी दिसत होती. जुलैत एकेक फरशी पायाखाली चहाच्या बशीसारखी डुलू लागली आणि फटींतून गुडघ्यापर्यंत पिचकाऱ्या उडू लागल्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिथे सहा इंचांचा चर चालत नाही. फूटभर माती काढून मुरूम भरा, पाणी मारून थराथराने बडवा आणि मगच पुढचं. बंगळुरूची तांबडी माती त्या मानाने गरीब स्वभावाची. तिकडची रीत इकडे जशीच्या तशी आणू नका.

पाण्याचंही बोलायला हवं. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याचं पाणी बागेला घालण्यावर बंदी आणली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. त्या उन्हाळ्यात लॉनं पिवळी पडली आणि ज्यांच्या बागेत लॉनपेक्षा दगड, फट, पाचोळा जास्त होता त्यांची अब्रू राहिली. फटींची वाट पाणी मुरवते. सलग काँक्रीट ते फाटकाबाहेर गटारात घालवते आणि मग तेच पाणी टँकरने विकत घ्यायचं.

बाकी बाजारात खूळं पुष्कळ आहेत. लाकडाच्या गोल चकत्या छायाचित्रात फार गोड दिसतात. दोन पावसाळे आणि वाळवी, संपला कारभार. पांढरे गोटे सावलीत वर्षभरात हिरवे होतात. गुळगुळीत टाइल उघड्यावर घालणाऱ्याने गिऱ्हाइकाचा विमा आधी उतरवावा. फुटकी मंगलोरी कौलं मात्र मला आवडतात. कडेला उभी पुरून किनार केली की माती वाटेवर येत नाही आणि रंगही उठतो.

माझी स्वतःची कसोटी एकच आहे: वाट खराट्याने झाडता आली पाहिजे. सुट्या खडीची वाट आखणाऱ्याने एकदा गुलमोहराखाली ती झाडून बघावी. पानं राहतात आणि खडी सुपात येते.

दगडाच्या पोताबद्दल माझा नियम पक्का होता: खडबडीत बाजू वर, गुळगुळीत असेल तर टाकी लावून घ्यायची. मेस्त्रीने पंधरा दगड तसेच बसवले. सोळावा, फाटकाशी यायचा, तो जुन्या ओट्याचा होता. कुणाकुणाच्या हाताने पन्नास वर्षं पुसून आरशासारखा झालेला. तोही त्याने उलटा घातला. घरच्या आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हा फिरवून घ्या हो. गुळगुळीत बाजू वर." मी नियम सांगितला, पावसाळ्याची भीती घातली, पाय घसरेल म्हटलं.

"रांगोळी काढणार मी तिथे रोज," त्या म्हणाल्या. "रांगोळीवर पाय देतं का कुणी?"

मेस्त्रीला मराठी येत नव्हतं, पण हातांवरून त्याला कळलं. त्याने पहार घातली आणि दगड फिरवला. बाजूने जायला मी आणखी एक खडबडीत तुकडा लावून घेतला. सतरावा.