स्पर्धा नाचाची, सक्ती खोलीची

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : समूहनृत्य, प्रवेश फी प्रत्येकी फक्त ८०० रुपये. शेवटच्या पानावर बारीक टायपात, नियमांच्या गर्दीत : सर्व स्पर्धकांनी आणि सोबतच्या पालकांनी आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच तीन रात्रींचं पॅकेज घेणं बंधनकारक, अन्यथा प्रवेश रद्द. पॅकेज माणशी ६,५०० रुपये, एका खोलीत तिघं, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून.

स्पर्धा पणजीला होती. माझी नात ठाण्याच्या क्लासबरोबर कोळीनृत्यात उतरणार होती. माझी सख्खी बहीण म्हापशाला राहते, पणजीपासून जेमतेम १३ किलोमीटरवर. ‘माझं घर असताना पोरीला हॉटेलात कशाला? आणखी दोघीतिघींना घेऊन ये,’ असं तिचं म्हणणं. मी आयोजकांना फोन केला. उत्तर आलं, ‘मॅडम, रूल सगळ्यांना सारखा.’

रूल सारखा असतो, खिसे सारखे नसतात. आठ मुलींच्या चार जोड्या बसवल्या होत्या. त्यातल्या दोघींच्या घरी पॅकेजचा आकडा ऐकून नकार आला. त्या दोघी दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या, म्हणजे दोन जोड्या मोडल्या. होडीची रचना नव्याने बसवायची, टोपल्यांची अदलाबदल नव्याने मोजायची, आणि हे सगळं स्पर्धा तोंडावर आलेली असताना. क्लासच्या ताईंनी ते केलंही. पण त्या दोघींचा नाच कमी पडला नव्हता, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होतं.

माझी सारी नोकरी मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ग्रुप बुकिंगच्या टेबलावर गेली. लग्नाची वऱ्हाडं, डॉक्टरांच्या परिषदा, औषध कंपन्यांच्या मीटिंगा, शाळांच्या सहली, सगळ्यांना मीच खोल्या विकल्या. त्यामुळे ही अट कुठून येते ते मला दिसतं, आणि आयोजकांची बाजूही आधी मीच मांडते.

स्पर्धा भरवणारा माणूस काही महिने आधी हॉटेलकडे जातो आणि, समजा, ७० खोल्यांचा ब्लॉक मागतो. हॉटेल दर उतरवतं, पण हमी मागतं. ठरलेल्या खोल्यांपैकी साधारण ८० टक्के तरी भरल्याच पाहिजेत, कमी पडल्या तर फरक आयोजकाने भरायचा. या कलमाला आमच्याकडे ‘अ‍ॅट्रिशन’ म्हणतात. कट-ऑफ डेटपर्यंत नावांची यादी गेली नाही तर उरलेल्या खोल्या हॉटेल दुसऱ्यांना विकायला मोकळं. ब्लॉक भरला तर उलट फायदे मिळतात : ठरावीक खोल्यांमागे एक खोली फुकट, तिच्यात परीक्षक राहतात. तालमीला हॉल सवलतीत किंवा फुकट. शिवाय कमिशन. आता लोक आपापल्या आत्याकडे, मावशीकडे उतरले तर ७० खोल्यांची हमी देणारा आयोजक बुडालाच. म्हणून तो सक्ती करतो. मुली एका ठिकाणी असल्या की सकाळी सहाला मेकअपला बसवता येतं, बस एकच लागते, रात्री कोण कुठे आहे ते कळतं, हेही खरं आहे.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते.

मी त्याच हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला फोन लावला. नाव सांगितलं नाही, फक्त त्याच तारखांना नाश्त्यासह खोलीचा भाव विचारला. पावसाळ्याचे दिवस, गोवा रिकामं. भाव आला ३,८०० रुपये. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ५ टक्के आहे, तो धरून ३,९९०. तिघांचं रात्रीचं जेवण माणशी ४०० धरा, १,२०० झाले. एकूण ५,१९०. आमच्या पॅकेजमध्ये त्याच खोलीचे तिघांकडून रात्रीला ६,५०० पडत होते. म्हणजे फरक १,३१०. माझ्या अंदाजातल्या ७० खोल्या आणि तीन रात्री धरल्या तर पावणेतीन लाखांच्या घरात रक्कम जाते. आणि हा हिशेब फोन करणाऱ्या एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाच्या भावाने केलेला आहे. ७० खोल्या घेणाऱ्याला तो भाव कुठलंच हॉटेल लावत नाही, हे मी स्वतः तसे भाव देत आले म्हणून सांगते.

पावणेतीन लाख आयोजकाने खाल्ले, असं मी म्हणत नाही. नाट्यगृहाचं भाडं, ध्वनी-प्रकाश, परीक्षकांचं मानधन, ट्रॉफ्या, सगळं वाढलं आहे. ८०० रुपयांच्या फीत ते भागत नसेलच. मग फी दोन हजार करा आणि पहिल्या पानावर छापा. ‘फी एवढी लावली तर क्लास येणारच नाहीत,’ असं एका ओळखीच्या आयोजकाने मला सांगितलं. म्हणजे खरा भाव सांगितला तर पालक विचार करतील, म्हणून तो हॉटेलच्या बिलात मिसळायचा. याला धंद्याची गरज म्हणता येत नाही, ही लपवाछपवी आहे.

अमेरिकेत मुलांच्या खेळांत आणि नाचाच्या स्पर्धांत ही पद्धत इतकी मुरली आहे की तिला ‘स्टे टू प्ले’ असं नावच पडलं आहे. तिथल्या चीअरलीडिंग क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या कंपनीवर, व्हार्सिटीवर, पालकांनी मक्तेदारीचा खटला भरला, तेव्हा या हॉटेलसक्तीचाही आरोपांत समावेश होता. २०२४मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ८ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे इतकं मोठं काही घडायची वाट पाहायची गरज नाही, कारण आपला कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, याच्या कलम २(४१)मध्ये ‘प्रतिबंधक व्यापार प्रथे’ची व्याख्या आहे. एक सेवा हवी असेल तर आधी दुसरी सेवा घेतलीच पाहिजे अशी अट घालणं त्या व्याख्येत बसतं. स्पर्धेची फी भरणारा पालक हा माझ्या मते ग्राहकच आहे, आणि हॉटेलची खोली ही त्याच्यावर लादलेली दुसरी सेवा. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत. आधी कमी किंमत दाखवून नंतर एकेक आकार उघड करणं हा त्यांतला एक, आणि नको असलेली गोष्ट घेतल्याशिवाय हवी ती विकत घेऊच न देणं हा दुसरा. आमचा फॉर्म ऑनलाइनच होता. फीचा चौकोन पहिल्या पडद्यावर, हॉटेलचा चौकोन शेवटच्या, आणि त्यात ‘नको’ असा पर्यायच नव्हता.

मला सगळ्यांत जास्त खटकतं ते सवलतीचं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून सामुदायिक खरेदी करते आहे. हजारो कुटुंबं एकत्र माल घेतात, भाव उतरतो, आणि उतरलेल्या भावाचा लाभ त्या कुटुंबांच्याच पिशवीत पडतो. नृत्यस्पर्धेत गर्दी मुलींची, त्या गर्दीच्या जोरावर हॉटेलशी घासाघीस आयोजकाची. त्या मेहनतीचा मोबदला त्याने जरूर घ्यावा, पण गर्दीमुळे मिळालेली सवलत तरी आधी गर्दी करणाऱ्यांना मिळावी. इथे मात्र एकत्र आल्यामुळे आम्हाला खोली महाग पडली.

करता येण्याजोग्या चार गोष्टी सुचवते. पहिली, ठरवलेलं हॉटेल सुचवा, लादू नका. हमीची भीती असेल तर ब्लॉक ७० खोल्यांऐवजी ४०चा घ्या आणि प्रवेशिका येतील तसा वाढवा. पावसाळ्यात हॉटेलवाला याला आनंदाने तयार होतो. दुसरी, सक्ती टाळताच येत नसेल तर स्थानिक मुलींना आणि ज्यांची नातेवाइकांकडे सोय आहे अशांना लेखी हमीपत्र घेऊन सूट द्या. तिसरी, पॅकेज फोडून छापा : खोली इतकी, जेवण इतकं, कर इतका, आयोजनखर्च इतका. चौथी, प्राथमिक फेरीत बाद झालेल्या गटाला उरलेल्या रात्रींचे पैसे परत मिळण्याची सोय ठेवा. पहिल्याच दिवशी बाद झालेल्या मुलीने आणखी दोन रात्रींचं भाडं कशासाठी भरायचं?

पालकांनी आणि क्लास चालवणाऱ्यांनीही थोडं धीट व्हायला हवं. ताई-सरांना वाटतं, प्रश्न विचारला तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. माझ्या टेबलासमोर बसणारे आयोजक नेमके उलट धास्तावलेले असायचे : क्लास आले नाहीत तर खोल्या कोणाच्या गळ्यात मारायच्या? चाळीस मुली आणणारी नृत्यशिक्षिका ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोठी गिऱ्हाईक आहे. तीन-चार शहरांतल्या शिक्षिकांनी मिळून फॉर्म भरण्याआधी ‘हॉटेलचा ग्रुपचा दर लेखी कळवा’ एवढी एक ओळ पाठवली, तरी पुढच्या वर्षीचं पत्रक वेगळं छापलं जाईल. नाहीच छापलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तो फिरवायला संकोच वाटण्याचं काही कारण नाही.