शाळेत सीसीटीव्ही आहे, पण फुटेज आहे का?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं आणि संतापलेले लोक थेट रेल्वे रुळांवर उतरले. शाळेत सीसीटीव्ही होते. पण १५ दिवसांचं फुटेज गायब असल्याचं तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं. त्यानंतर लगेच राज्य सरकारने शासन निर्णय काढला: खाजगी शाळांनी महिन्याभरात कॅमेरे बसवावेत.

म्हणजे कॅमेरे असूनही फुटेज मिळालं नाही, आणि उपाय काय, तर अजून कॅमेरे. इथेच आपला गोंधळ होतो. तुमचा लहान भाऊ, बहीण, भाची कोणी शाळेत असेल तर हे चार गैरसमज आधी डोक्यातून काढा.

१. कॅमेरा आहे म्हणजे फुटेज असणारच

साधं गणित करू. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसभर रेकॉर्ड करतोय असं धरा. २४ तासांत साधारण २१.६ जीबी होतात. असे १६ कॅमेरे असतील तर रोजचे जवळपास ३४५ जीबी. डीव्हीआरमध्ये २ टीबीची हार्ड डिस्क असेल, तर ती सहाव्या दिवशीच भरते. भरली म्हणून डीव्हीआर थांबत नाही, तो सगळ्यात जुनं फुटेज पुसून त्याच जागी नवीन लिहितो. कोणी मुद्दाम काही डिलीट करायची गरजच नाही.

लहान मुलं घडलेली गोष्ट लगेच सांगतातच असं नाही. आठवड्याने सांगितली तर या शाळेत पुरावा उरलेलाच नसेल. सीबीएसईने जुलै २०२५ मध्ये आपल्या शाळांना किमान १५ दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलं. वरच्या हिशोबाने त्यासाठी ५ टीबीपेक्षा जास्त जागा लागते. त्यात डिस्क खराब झाली तरी पडद्यावर लाइव्ह चित्र दिसतच राहतं, त्यामुळे रेकॉर्डिंग बंद आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

२. कोणीतरी सतत बघत असतं

मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या टीव्हीवर १६ चौकोन दिसतात. पण त्यांच्याकडे दिवसभर टक लावून बसायला माणूस कुठे असतो? म्हणूनच २०२४ च्या त्या शासन निर्णयात फुटेज आठवड्यातून किमान तीन वेळा तपासावं असं म्हटलंय. बहुतेक वेळा कॅमेरा घटना थांबवत नाही, नंतर काय झालं ते सांगतो. दोन्हींत खूप फरक आहे.

३. झूम केलं की चेहरा दिसतो

हे सिनेमात होतं. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर त्या जागी एका मीटरला साधारण २५० पिक्सेल मिळावेत, असं २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात म्हटलं होतं. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे ८ मीटर रुंद जागेपर्यंत कसंबसं जमतं. तोच कॅमेरा २० मीटर मैदानावर लावला तर मीटरला ९६ पिक्सेल उरतात. कोणीतरी चाललंय एवढं कळेल, कोण ते नाही. जे पिक्सेल टिपलेच नाहीत, ते झूम करून येत नाहीत.

४. पालकांच्या मोबाईलवर लाइव्ह दिलं की झालं

दिल्ली सरकारने २०१९ मध्ये सरकारी शाळांच्या वर्गांचं लाइव्ह चित्रण पालकांना द्यायला सुरुवात केली. ऐकायला छान वाटतं. पण शंभर पालकांकडे लॉगिन म्हणजे फुटेज बाहेर जायच्या शंभर वाटा, आणि त्यात फक्त तुमचं नाही, सगळ्यांची मुलं दिसतात. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्काडा कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत हॅकर पोहोचले. त्यात शाळाही होत्या. आणि पोहोचले कसे, तर एका अ‍ॅडमिन खात्याचं लॉगिन इंटरनेटवर उघडं सापडलं म्हणून. आपल्याकडे तर कॅमेरा बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मग कॅमेरे नकोत का?

हवेत. पण टॉयलेटच्या आत कॅमेरा लावता येत नाही, आणि लावूही नये. तिथे मुलींसोबत महिला कर्मचारी लागते. बाहेरचा कॅमेरा फार तर कोण कधी गेलं ते सांगेल, तेही डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असेल तर.

पुढच्या पालकसभेला आईबाबा जातील तेव्हा त्यांना हे पाच प्रश्न लिहून द्या:

- रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं? आजपासून मागचा सगळ्यात जुना दिवस उघडून दाखवाल का?
- फुटेज कोण तपासतं, आणि त्याची नोंद कुठे होते?
- डीव्हीआर कुलूपबंद आहे का? चावी कोणाकडे?
- पासवर्ड शेवटचा कधी बदलला? लॉगिन किती जणांकडे आहे?
- लहान मुलींच्या टॉयलेटपाशी महिला कर्मचारी आहे का?

आणि देव न करो, पण काही घडलंच, तर पोलिसांत तक्रार करा आणि त्याच दिवशी शाळेला लेखी पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक कॅमेऱ्याचं मूळ फुटेज जपून ठेवा. पोचही घ्या. स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ म्हणजे मूळ फुटेज नव्हे, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात टाकू नका. उशीर झाला तर डीव्हीआर कोणासाठी थांबणार नाही.