मजुरी हाताचीही द्या

बॉनेट अडकलेली जुनी फियाट माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर येऊन थांबली की मी पहिल्यांदा मालकाच्या हातात काय आहे ते बघतो. टॉमी असेल तर ती आधी काढून घेतो. फटीत टॉमी घालून जोर लावला की पत्र्याची कड मुरगळते, रंगाचे टवके उडतात, आणि कुलूप जागचं हलत नाही ते नाहीच. मग डेंटिंग-पेंटिंगचा खर्च, आणि एवढं करून बॉनेट पुन्हा पूर्वीसारखं बसेल याची खात्री नाही.

कुलपाची रचना साधी असते. स्प्रिंगच्या जोरावर एक हूक बॉनेटला धरून ठेवतो आणि केबल ओढली की तो बाजूला सरतो. पण सोलापूरची धूळ जुन्या ग्रीसमध्ये बसते, एप्रिल-मेच्या उन्हात ते ग्रीस सुकून खडखडीत होतं. वर्षानुवर्षं ओढून केबल सैल पडते. कधी तर केबल धडधाकट असते, पण तिच्या वरच्या कवचाची क्लिप निसटलेली असते. अशा वेळी आपण ओढतो, कवचच सरकतं, हूक तिथल्या तिथे.

माझ्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री हे कसं सोडवतात ते बघण्यासारखं आहे. ते घाई करत नाहीत. आधी बॉनेटवर बोटांनी टकटक करून कुलपाची जागा हेरतात. मग मालकाला आत बसवतात. स्वतः दोन्ही तळहात बरोबर कुलपावर टेकवून वजन टाकतात आणि म्हणतात, "मालक, आता ओढा की. दमानं." बॉनेटखालचं रबर पत्रा वर ढकलत असतं, त्या ताणानं हूक आवळला जातो. वरून दाबलं की ताण जातो आणि पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. केबल मुठीशी तुटली असेल तर आतल्या तारेचं उरलेलं टोक पकडीत धरून ओढतात. तेही जमलं नाही, तर गाडीखाली आडवं होऊन लांब पेचकसानं हूक सरकवायचा. मात्र बॅटरी आत जोडलेलीच असते. पेचकस भलत्या ठिकाणी टेकला तर ठिणगी उडते, म्हणून हे काम माहितगारानंच करावं. उघडल्यावर रॉकेलनं कुलूप धुवायचं, नवीन ग्रीस भरायचं, आणि बॉनेट वर असतानाच पेचकसानं हूक लावून केबल दोन-चारदा ओढून बघायची. त्यानंतरच बॉनेट खाली.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. नवीन पार्ट एकही लागत नाही, आणि इथेच मला आपल्या गाडीमालकांशी भांडायचं आहे. गॅरेजमध्ये आपण पैसे मोजतो ते पार्ट बदलला म्हणून. पार्ट वाचवला तर "काय केलंत एवढं?" असं विचारतो. मी पार्ट विकणारा माणूस, तरी मला हे खुपतं. पाऊण तासाची मजुरी मिळणार नसेल तर मिस्त्री टॉमीच उचलणार. नाहीतर कुलूप काढून टाकून बाहेरून कडी ठोकणार.

तशी कडी आता महागात पडू शकते. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल तरच तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते. या फियाटला 'पद्मिनी' हे नाव 1974 साली मिळालं, म्हणजे पहिल्या पद्मिनींनी नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे. मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये गेल्या. सुटे भाग आताच शोधावे लागतात, पुढे ते मिळणं आणखी अवघड होईल.

सोलापूरला याचं जास्त वाटायला हवं. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद 1882 साली याच गावात जन्मले. त्यांच्या नावाचं इंजिनीअरिंग कॉलेज अशोक चौकात आहे. तरीही त्यांच्या कंपनीच्या गाडीचं कुलूप न मोडता उघडणारे हात इथे कमी होत चाललेत, कारण मिस्त्रींच्या मुलांना या धंद्यात पैसा दिसत नाही. दिसावा तरी कसा?

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. मालकांनी बिलात मजुरीची वेगळी ओळ मागून घ्यावी आणि ती कुरकुर न करता भरावी. आणि शासकीय आयटीआयनं मोटार मेकॅनिकच्या वर्गात अशा मिस्त्रींना मानधन देऊन आठवड्यातून एकदा बोलवावं. प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांना दारात अडवू नये. मुलांच्या सरावासाठी फियाटचं जुनं कुलूप, केबल आणि मुठीचा अख्खा सेट माझ्या दुकानातून मी फुकट देतो.