दर्शनासोबत अर्धा दिवस पंढरपूर पाहा

सोलापूर जिल्ह्यातल्या आणि बाहेरून पंढरीला येणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना हे जाहीर आवाहन आहे. विठ्ठलाचं दर्शन झालं की लगेच एसटी स्टँडची वाट धरू नका. अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि भीमेच्या काठावर दगडात उभं राहिलेलं हे गाव नीट पाहा.

सोलापूरपासून पंढरपूर साधारण 70 किलोमीटर. आपल्यातल्या कितीतरी घरांत वारी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तरीही आपल्याला ठाऊक असतं ते दर्शनबारीतलं पंढरपूर. बुक्का, तुळशीमाळ, चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतला की आपण परतीला लागतो. आषाढी-कार्तिकीला याहून जास्त काही जमतही नाही. म्हणून साधा वार निवडा, एकादशी टाळा आणि सकाळी लवकर या.

सुरुवात मंदिरापासून नको, भीमेच्या वाळवंटापासून करा. पात्रात पाणी कमी असेल तेव्हा खाली उतरा आणि गावाकडे तोंड करून उभे राहा. पायऱ्यांचे घाट, त्यांच्यावर उंच चढत गेलेल्या दगडी भिंती आणि त्या भिंतींवर वाडे, असं हे गाव नदीकडे तोंड करून वसलेलं आहे. विठ्ठल मंदिराचं महाद्वारही पूर्वेला, नदीच्याच बाजूला. महाद्वार घाटालगत अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेला वाडा आहे, त्यात राममंदिर आहे. जवळच शिंदे सरकारांचा वाडा आणि द्वारकाधीशाचं मंदिर. या वाड्यांची नदीकडची बाजू किल्ल्याच्या तटासारखी आहे. भीमेचा पूर पाहिलेल्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागत नाही. उजनी आणि वीर धरणांतून पाणी सुटलं की आजही पात्रातलं पुंडलिकाचं मंदिर पाण्यात जातं आणि पूर ओसरल्यावर पुन्हा पूजा सुरू होते. नदी अंगावर येणार हे गृहीत धरून केलेलं हे बांधकाम आहे. 2020 च्या ऑक्टोबरात मुसळधार पावसात कुंभार घाटावर नव्याने बांधलेली भिंत कोसळली आणि सहा माणसं गेली. नदीकाठी काही नवं बांधायचं असेल, तर आधी या जुन्या भिंतींचा पाया, चिरे आणि उतार अभ्यासायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

मग वर या. नामदेव पायरीपाशी थांबा, समोर चोखोबांची समाधी आहे. आत सोळखांबी मंडपात रांग पुढे सरकत असताना नजर खांबांवर आणि तुळयांवर जाऊ द्या. होयसळ राजा सोमेश्वराचा 1237 चा शिलालेख इथल्याच तुळईवर आहे. लोक ज्याला चौऱ्याऐंशीचा लेख म्हणतात तो यादव काळातला, शके 1195 ते 1199 मधला. मंदिरासाठी कुणी काय दिलं याची ती नोंद आहे. त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. श्रद्धेचा मान राखून एवढंच म्हणतो, की साडेसातशे वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं धरून असलेला दगड आहे, त्याला लांबून हात जोडावेत. 2024 मध्ये संवर्धनाच्या कामासाठी गाभाऱ्यातली चांदी उतरवली गेली आणि आतला जुना काळा पाषाण उघडा पडला. त्याच कामात हनुमान दरवाजाजवळ तळघर सापडलं, त्यात मूर्ती निघाल्या. इतकी वर्षं आपण त्यावरून चालत होतो.

गावात आणखी दोन वास्तू आहेत, त्या चुकवू नका. तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केलं आणि विठ्ठलाचा दरवाजा अस्पृश्य मानलेल्यांना उघडला. गाडगेबाबांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. तिथे ना कोरीव खांब आहेत ना नक्षी, पण मुलांना घेऊन जावं अशी ही ठिकाणं आहेत.

आता मागणं. मंदिर परिसरातल्या नियोजित कॉरिडॉरवरून गावात चर्चा आणि वाद सुरू आहेत. निर्णय काहीही होवो, त्याआधी प्रत्येक जुन्या वाड्याची, मठाची, घाटाची मोजमापासह नोंद झालीच पाहिजे. नगरपरिषदेने ती करावी. आपल्या सोलापूर विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव आहे. तिथल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आणि जिल्ह्यातल्या वास्तुशास्त्राच्या, स्थापत्याच्या मुलामुलींनी अहिल्यादेवींच्याच वाड्यापासून टेप आणि वही घेऊन सुरुवात करावी. वाडेमालकांनो, दुरुस्तीचा खर्च तुमच्या खिशातून जातो, हे आम्ही जाणतो. तरी सागवानी खांब आणि तुळया भंगारवाल्याला देण्याआधी, चौक फोडून लॉजच्या खोल्या काढण्याआधी, निदान फोटो काढून ठेवा आणि जुने कागद गावातल्या ग्रंथालयाला दाखवा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. आत ओल कोंडते आणि दगड झडू लागतो.

भाविकांनो, पात्रात कपडे आणि निर्माल्य सोडू नका. पायऱ्यांवर ऑइलपेंटने नावं लिहू नका. दगडाला शेंदूर-तेल लावणं थांबवा.

वेळ उरलाच तर गावाच्या दक्षिणेला नदीतलं विष्णुपद आणि पुढे टेकडीवरचं गोपाळपूर पाहा. मार्गशीर्षात विठ्ठल विष्णुपदावर मुक्कामाला असतो, असं मानतात, आणि घरोघरची माणसं डबे बांधून तिथे जेवायला जातात. यंदाच्या मार्गशीर्षात तुम्हीही या. येताना वही-पेन्सिल आणा आणि घरातल्या एखाद्या मुलाला सोबत घ्या.