भिंतीवरचे चेहरे मुलांना दिसतात का?

आज जरा आपल्या भिंतीकडे बघा. वर्गाची असो की घराची. थोरामोठ्यांच्या तसबिरी कुठे टांगल्यात? बहुतेक फळ्याच्याही वर, छताला टेकलेल्या. पहिलीतलं पोर मान वर करून किती वेळ बघणार?

गेल्या वर्षी आमच्या शाळेत लोकवर्गणीतून रंगकाम झालं. उरलेल्या पैशांत सात मोठे फ्लेक्स छापून आणले, मोबाइलवर आलेली चित्रं ताणून. शिवाजी महाराजांचा चेहरा इतका पसरट झाला होता की दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, हे कोण?" मला खरंच लाज वाटली. पैसे गावाचे होते.

म्हणून माझं मत असं की सात नको, एकच लावा, पण नीट छापलेलं लावा. हिशोब सोपा आहे. ३ फूट म्हणजे ३६ इंच. इंचाला निदान १५० ठिपके धरले तर चित्राची उंची ५४०० पिक्सेल हवी. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या चित्रात ती कुठून येणार? ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये महाराजांचं १६८६ च्या सुमाराचं चित्र आहे, विट्सेन नावाच्या डच माणसाच्या अल्बममधलं. हे संग्रहालय आपल्याकडच्या जुन्या चित्रांच्या मोठ्या फाइल फुकट उतरवू देतं. मूळ चित्र वहीच्या पानाएवढं आहे. ते मोठं छापलं की कुंचल्याच्या रेषा दिसतात आणि मुलं बोट लावून बघायला लागतात.

तो चेहरा कॅलेंडरवरच्यासारखा नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. मग खरा पाठ सुरू होतो. महाराज १६८० साली गेले, मग चित्रकाराने कशावरून काढलं असेल? त्यांना पाहिलेली माणसं तेव्हा होती का? १९३० च्या दशकात वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत भलत्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं, हे सांगितलं की चौथीची मुलं चाट पडतात. चित्राखाली एक चिठ्ठी चिकटवा: कोणाचं, कधीचं, मूळ कुठे आहे. (घरी असेल तर चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्या.) समोरच्या खिडकीचं ऊन चित्रावर येत नाही ना, तेवढं पाहा, रंग उडतो. ओलीची भिंत तर नकोच.

आता उंचीचा प्रश्न. मी चित्राची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर धरली, तर शाळा व्यवस्थापन समितीतले एक आजोबा रागावले. "महाराजांना इतकं खाली लावता?" त्यांची भावना मला कळते. उंच जागा म्हणजे मान, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. पण मुलांनी डोळ्यांत डोळे घालून बघावं यात अपमान कसला? दोन बैठका वाद चालला. शेवटी चित्र अडीच फुटांवरच राहिलं, आणि हारासाठीचा खिळा आजोबांनी स्वतः स्टुलावर चढून वर ठोकला.