टीव्हीसमोरच्या परीक्षक बायकांनो



आज जरा कडू लिहिणार आहे. कारल्याची भाजी करतानाही आधी आपणच चाखून बघतो, तसा पहिला घास माझाच आहे. म्हणून रागावू नका. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर परवा पुन्हा दशलक्षण पर्वातल्या स्तवन स्पर्धेची सूचना आली. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, "यंदा सारेगमपसारखी करूया, परीक्षक, गुण, बक्षीस, सगळं." त्यावर पंचवीस-तीस अंगठे. मी अंगठा दिला नाही. का दिला नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

गोष्ट जुन्या काळापासून सुरू करते. २००८-०९ साली मी लग्न होऊन सांगलीकडून इथं विठ्ठलवाडीला नुकतीच आले होते. घरात नवी, गावात नवी, कल्याण सोडलं की पुढचंच स्टेशन आपलं एवढंच ठाऊक. त्या वर्षी झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' लागायचं. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत. पंचरत्नं म्हणायचे त्यांना. सासूबाईंशी माझं पहिलं मनमोकळं बोलणं त्या कार्यक्रमासमोर बसून झालं. शेजारच्या सिंधी आंटीसुद्धा यायच्या. त्यांना मराठी फारसं कळायचं नाही, पण सूर कळायचा.

रात्रीचं जेवण आपल्यात नाही. उजेडात जेवायचं, भांडी आवरायची आणि निवांत बसायचं. हातात वाटी नाही, तोंडात घास नाही. रिकामं तोंड मग बोलत सुटतं. आणि काय काय बोलायचो आम्ही! मुग्धा गोड आहे म्हणून चाललीय, आवाज कुठाय. आर्या सुंदर दिसते म्हणून कॅमेरा तिच्यावर. रोहितचे केस बघा. प्रथमेश म्हणजे लहान वयातला म्हातारा. आठ ते चौदा वर्षांची लेकरं होती हो ती! शाळेच्या वर्गात बसणारी.

फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरी झाली आणि कार्तिकी जिंकली. दुसऱ्या दिवशी नळावर, लोकलच्या लेडीज डब्यात, देवळाच्या पायरीवर एकच चर्चा: अन्याय झाला. जिंकायला पाहिजे होती आर्या, नाहीतर प्रथमेश. कार्तिकी गावाकडची, तिला गावांनी एसएमएस करून निवडून आणलं. "आळंदीची आहे ना, वारकऱ्यांची मतं पडली," हे वाक्य मी स्वतः बोललेय. लाज वाटते आता.

त्या वाक्यात काय काय भरलंय, ते नीट उलगडून बघू. पहिली गोष्ट म्हणजे मतांचा नियम कुणी लपवून ठेवला नव्हता. एसएमएस साध्या निरोपापेक्षा महाग होता आणि एकाच मोबाइलवरून हवे तेवढे करता येत होते. म्हणजे ते लोकमत नव्हतंच. जास्त माणसं, जास्त हौस, जास्त पैसे असा तो हिशोब होता. आपल्या आवडत्या मुलाला आपण एसएमएस केले ते प्रेम, आणि दुसऱ्या गावानं केले तो घोटाळा, असं कसं? दुसरं, कार्तिकीच्या आवाजात जी धार होती ती कीर्तन-भजनाच्या घरातून आलेली. वडील संगीतातले, गाव ज्ञानोबांचं. आर्याची आई शास्त्रीय गायिका, तिच्या आवाजाला वेगळी घडण. दोघींना घरातूनच मिळालं. मग आर्याच्या घरून आलेल्याला आपण 'संस्कार' म्हटलं आणि कार्तिकीच्या घरून आलेल्याला 'गावठी'. सुराला गाव नसतं. गाव आपल्या कानात होतं.

आंटी मात्र निकालानंतर एवढंच म्हणाल्या, "बच्ची अच्छा गाती है. बस." आम्ही सगळ्या जैन, रोज प्रवचन ऐकणाऱ्या. चार भावनांमधली प्रमोद भावना, गुणवंताला पाहून मन आनंदानं भरून यावं, ही तत्त्वार्थसूत्राच्या वर्गात घोकलेल्या. आणि त्या रात्री ती जमली एकट्या आंटींना.

"अगं, टीव्हीवर आले म्हणजे लोक बोलणारच," असं तुम्ही म्हणाल. "आणि आपण खरं तेच बोलतो, त्यात काय पाप?" या दुसऱ्या प्रश्नावर मी फार दिवस अडले होते. मग स्वाध्यायात पुरुषार्थसिद्ध्युपाय वाचताना उत्तर मिळालं. अमृतचंद्राचार्यांनी असत्याचे चार प्रकार सांगितलेत. असलेलं नाही म्हणणं, नसलेलं आहे म्हणणं, एकाला दुसरंच म्हणणं, हे तीन आपल्याला ठाऊक असतात. चौथ्यात येतं गर्हित, सावद्य आणि अप्रिय वचन. आणि गर्हितात काय? चहाडी, टिंगल, कर्कश बोलणं, बाष्कळ बडबड. अप्रियात समोरच्याला भीती, खेद, शोक होईल असं बोलणं. म्हणजे मुलगी खरोखर बेसूर गायली असली, तरी तिची टिंगल केली की ते बोलणं असत्यातच मोजायचं. वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. सत्य अणुव्रत घेतलंय म्हणणारी मी, रोज रात्री सोफ्यावर बसून ते मोडत होते.

"पण त्या मुलांना कुठं ऐकू जातंय?" हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर ग्रंथातून नाही, माझ्या घरातून मिळालं.

२०२१ साली हीच पंचरत्नं मोठी होऊन लिटिल चॅम्प्समध्ये परीक्षकांच्या खुर्चीत बसली. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरात, पुन्हा टीव्हीसमोर. माझी लेक तेव्हा चौथीत होती. आम्ही परत सुरू. हे कसले परीक्षक, कालची पोरं! आणि स्पर्धकांवर तर विचारूच नका. एका लहान मुलीचा वरचा सूर फाटला, तेव्हा मी म्हणाले, "परात पडल्यासारखं गातेय, हिच्या आईला ऐकू येत नाही का?" सगळे हसले. लेकही हसली. मला वाटलं, हसली.

त्याच वर्षी भाद्रपदात देवळं बंद होती. मंडळानं स्तवन स्पर्धा मोबाइलवर ठेवली. घरी व्हिडिओ करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. लेकीनं पंधरा दिवस सराव केला होता. व्हिडिओ करायच्या दिवशी ती फ्रॉक घालून, वेणी घालून बसली आणि म्हणाली, "मी नाही गाणार." आधी समजावलं, मग ओरडले. शेवटी रडत म्हणाली, "ग्रुपवरच्या काकू पण घरी बसून बघणार ना? मग त्या पण तुझ्यासारखंच बोलतील."

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ती खरं बोलत होती. तुम्ही बोलला असता. मी दुसऱ्यांच्या मुलींबद्दल बोललेच होते.

त्यानंतर ती लोकांसमोर गायलेली नाही. आता आठवी-नववीच्या वयाची आहे. न्हाणीघरात नळ सोडून गाते, म्हणजे आवाज बाहेर येऊ नये. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहते आणि ऐकते. सुरात गाते हो पोर.

आता कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांना वाहवा म्हणायचं? नाही. खोटं कौतुकही असत्यच. २०२१ च्या मे महिन्यात इंडियन आयडॉलमध्ये किशोरकुमारांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला. त्यांचे चिरंजीव अमित कुमार पाहुणे होते. कार्यक्रमात सगळ्यांचं कौतुक केलं आणि नंतर मुलाखतीत सांगितलं, की कौतुक करा असं सांगितलं होतं म्हणून केलं. केवढा गहजब झाला होता! मला विचाराल तर त्यात सर्वांत जास्त नुकसान गाणाऱ्या मुलांचं. त्या दिवशी मिळालेली खरी दादही त्यांना खोटी वाटायला लागली असेल. गूळ जास्त झाला तरी पुरणपोळी फाटतेच.

आणि वाहिन्यांबद्दलही बोलायचंय, त्यांना मी सोडणार नाही. गाण्याआधी दहा मिनिटं घरची गरिबी, आईचे अश्रू, मागं करुण वाद्यं. पहिल्या इंडियन आयडॉलचा विजेता, आपला अभिजीत सावंत, त्यानंही २०२१ मध्ये हेच बोलून दाखवलं होतं, की गुणापेक्षा गरिबीला जास्त भाव आलाय. बरोबर बोलला. पण गरिबी दाखवतात कारण आपण बघतो. त्याच वर्षी आपल्या कल्याणची सायली कांबळे इंडियन आयडॉलमध्ये होती. तिचे वडील रुग्णवाहिका चालवायचे, हे मला पाठ होतं. मी तिला मत दिलं. का दिलं? वडिलांसाठी आणि कल्याणसाठी. ती लताबाईंची गाणी किती तयारीनं गायची, ते नंतर शांतपणे ऐकलं तेव्हा कळलं. १५ ऑगस्ट २०२१ च्या अंतिम फेरीत पवनदीप राजन जिंकला, अरुणिता दुसरी आणि सायली तिसरी आली. तिनं ते गाऊन मिळवलं होतं. मी मात्र तिच्यावर दया केली आणि त्याला पाठिंबा म्हटलं. दयेनं दिलेलं मत हाही अपमानच.

मुलांना कामाला लावण्याबद्दल सरकारचे नियम आहेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये जे नियम आले, त्यात कलाकार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा, असं लिहिलंय. चांगलं आहे. वाहिन्यांनी ते पाळलंच पाहिजे. पण प्रेक्षकांच्या जिभेसाठी कुठलंही सरकार नियम करू शकत नाही. त्यासाठी आपल्याकडे वचनगुप्ती सांगितलीय. ती साधूंची म्हणून सोडून देऊ नका, श्रावकाला तिचा एक कण तरी झेपतो.

आणि ती मुलं आपली मालमत्ता नाहीत, हेही एकदा मनात पक्कं करूया. डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचं लग्न झालं, तर आपल्या ग्रुपवर काय काय आलं होतं आठवा. "लहानपणी एकत्र होते, असं कसं?" अगं, ते आपल्या टीव्हीत लहान होते. त्यांच्या घरी ते मोठे झाले. रोहित राऊत २००९ मध्ये हरला म्हणून आपण त्याला विसरून गेलो. तो २०२० च्या फेब्रुवारीत इंडियन आयडॉलचा उपविजेता होऊन परत आला. अकरा वर्षं त्यानं गाणं सोडलं नाही. आपल्या निकालावर त्याचं काही अडलं नाही. पण सगळी मुलं रोहितसारखी नसतात. काही न्हाणीघरात जातात आणि नळ सोडतात.

म्हणून मंडळाला माझं सांगणं असं. स्तवन स्पर्धा नको, स्तवन सभा करा. जिनेंद्राच्या गुणगानात पहिला-दुसरा नंबर कसला काढता? भगवंतानं कुणाचा आवाज गोड म्हणून समवसरणात पुढं बसवलं, असं कुठल्या पुराणात आहे? बक्षीस द्यायचं तर प्रत्येक मुलाला सारखा स्टीलचा डबा द्या. ज्यांना खरंच सूर सुधारायचाय, त्यांना एखादी गाणं शिकलेली काकू बाजूला घेऊन, प्रेमानं, एकटीला सांगेल. ते मार्गदर्शन. माइकवर सांगितलेलं ते प्रदर्शन.

आणि घरी टीव्ही लावलात तर लावा, मीही लावते. मतही सांगा. सूर उतरला म्हणा, ताल चुकला म्हणा, शब्द कळले नाहीत म्हणा. पण पोरीचा रंग, पोराचे केस, आईची साडी, गावाचं नाव, यातलं काही ओठावर आलं तर तिथंच गिळा. जड वाटेल. दशलक्षणात उपवास करतो तेव्हा भूक गिळतोच ना?

यंदाच्या सभेत माझी लेक गाईल की नाही, मला माहीत नाही. विचारलं नाही. विचारायचा हक्क मी आधी परत मिळवायचाय. एवढंच करतेय की गेले काही महिने टीव्हीवर कुणी मूल गात असेल तर मी हातातलं विणकाम खाली ठेवून गप्प ऐकते. परवा ती माझ्या शेजारी येऊन बसली. पडद्यावरचं मूल गाऊन झालं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ.

मी म्हणाले, "दुसरं कडवं छान घेतलं त्यानं."

ती काही बोलली नाही. पण उठून गेलीही नाही.

कुणाच्या लेकराला माझ्या बोलण्यानं लागलं असेल, तर क्षमावाणीची वाट न बघता आजच, उत्तम क्षमा.